यास्नाची आई राहायला आली

सुमन, मी सांगलीहून निघाले तेव्हा तू फाटक धरून रडत होतीस, आणि आई टांग्याशी येऊन मला म्हणाली, "दोनच वर्षं तर आहेत, डोळे पूस." त्या दोनाची चाळीस कधी झाली, कळलंच नाही बघ. ह्यांची इकडे जर्मनीत, झिंडेलफिंगेनच्या कारखान्यातली नोकरी, मग मुलांच्या शाळा. आईनं इकडेच राहावं असं फार वाटायचं. ती आली एकदाच. व्हिसा संपला तशी गेली, ती पुन्हा आलीच नाही.

म्हणून असेल, समोरच्या फ्लॅटमधल्या यास्नाचं दुखणं मला लगेच कळलं. ती क्रोएशियाची. तिकडे खेड्यात तिची आई एकटी. इकडे यायची, पण तीन महिने भरले की निघायचं. देश युरोपियन युनियनमध्ये गेला की तिला कायमचं आणता येणार होतं. पण आत घेण्याआधी पस्तीस प्रकरणं तपासतात म्हणे! कोर्टकचेऱ्या, शेती, मासेसुद्धा. एकेक प्रकरण मिटलं की यास्ना माझ्याकडे कॉफीला हजर.

मी म्हटलं, "अगं, आमच्याकडे मुलगी बघायला येतात तेही इतकं विचारत नाहीत."

"गेनाऊ! अगदी बरोबर! आणि इथे सत्तावीस देश म्हणजे सासवा सत्तावीस. एकीनं मान हलवली की दुसरी रुसते."

हसता हसता एकदा म्हणाली, "हे सगळं मिटेपर्यंत आई असेल का गं?" मी तिच्या कपात आणखी कॉफी ओतली.

दोन हजार तेराच्या जुलैत क्रोएशिया आत गेला, आणि महिन्याभरात म्हातारी दोन पिशव्या घेऊन बसमधून उतरली. मी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. यास्ना म्हणते, "आल्झो, मग हे कितव्या प्रकरणात येतं?"

पुढच्या आठवड्यात यास्नाची केअरवोख होती. म्हणजे जिना झाडायची पाळी. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. बघते तर म्हातारीच झाडतेय, आणि यास्ना झाडू ओढतेय. म्हातारी काहीतरी ठसक्यात बोलली. यास्नानं डोळे पुसत मला सांगितलं, "म्हणते, इतके दिवस पाहुणी होते म्हणून बसून खाल्लं."

सुमन, मी सांगलीला आले की वहिनी माझ्या हातातली केरसुणी काढून घेते. "अहो वन्सं, चार दिवस आलाय, बसा की." माया आहे गं तिची. पण मी पाहुणी झाले, हे मला तिथेच कळतं. इथे सोमवारी पाटी माझ्या दारावर येईल, आणि गुडघे कुरकुरले तरी मीच झाडणार.

तू परत ये म्हणतेस, पण रागावू नकोस. तू ये. पहिले आठ दिवस बसून खा. नवव्या दिवशी झाडू तुझ्या हातात देते.