आमच्या भिंतीला टेकलेली नगरपालिका

आमच्या ओट्यावर दोन गोष्टी साचतात. समोरच्या मोकळ्या जागेवरची धूळ आणि नगरपालिकेचे किस्से. धूळ सकाळी झाडली की निदान दुपारपर्यंत जाते. किस्से जात नाहीत. उलट चहाला माणसं आली की एकाचे दोन होतात.

चहाचं असं, की ही मोकळी जागा नगरपालिकेची. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून तिचं काय करायचं ते ठरतंय. ठरवायचं म्हणजे सभासदांनी आधी जागेची पाहणी करायची. पाहणी नेमकी उन्हात असते, आणि जवळचं घर आमचं. त्यात आमचे हे नगरपालिकेच्या जकात नाक्यावर कारकून. चहाला नाही कसं म्हणणार?

त्या जागेत एक जुना आड आहे. कठडा केव्हाच ढासळलेला, तोंड अगदी जमिनीबरोबर. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझा जीव तिथंच टांगलेला असायचा.

* * *

पहिल्या वर्षी अध्यक्ष नाना होते. त्यांनी ठरवलं, इथं बाग करायची. नारळ फुटला, कोनशिला आली. 'सार्वजनिक उद्यान', आणि खाली नानांचं नाव, उद्यानापेक्षा मोठ्या अक्षरात. पण बांधकामच नाही तर कोनशिला बसवायची कशात? "तात्पुरती टेकवा इथं," म्हणून ती आमच्या भिंतीला टेकवली.

रोपंही लावली. ती शांताबाईंच्या शेळीनं दोन दिवसांत खाल्ली. शांताबाई म्हणजे नगरपालिकेतल्या एकट्या बाई सभासद, आमच्याच गल्लीतल्या. नाना भर सभेत त्यांच्यावर घसरले. शांताबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "नाना, शेळीला काय ठावं ती बाग हाय म्हनून? मला तरी कुटं वळखू आली!"

* * *

नाना आणि शेठ यांचा समझोता होता. एक वर्ष नाना अध्यक्ष, एक वर्ष शेठ. पुढच्या वर्षी शेठ आले. त्यांनी बाग रद्द केली आणि भाजी मंडई ठरवली. शेठचं कापडाचं दुकान बरोबर या जागेच्या कोपऱ्यावर.

पाहणीला आले तेव्हा चहा पिताना शेठ तीनतीनदा म्हणाले, "यात माझा काडीचा स्वार्थ नाही."

शांताबाई बशीत फुंकर मारत म्हणाल्या, "न्हाईच की. बाया मेथी घ्याला येतील अन् जाताना चुकून लुगडं घिऊन जातील, येवडंच."

मंडईचीही कोनशिला आली. शेठचे लोक म्हणाले, नानांचा दगड हलवा. नानांचे लोक म्हणाले, दगड हलला तर समझोता मोडला. मग शेठचा दगडही त्याच्या शेजारी टेकवला. मंडई काही झाली नाही.

* * *

तिसऱ्या वर्षी पुन्हा नाना, आणि वाचनालय. हा दगड नेमका आमच्या दाराला लागून. एक दिवस सकाळी एक पेन्शनर गुरुजी आले, चपला काढल्या, ओट्यावर मांडी घातली आणि मला म्हणाले, "आजचा पेपर?"

मला वाटलं ह्यांच्या ओळखीचे असतील. पेपर दिला, पाणी दिलं. गुरुजी रोज येऊ लागले. महिन्याभरानं त्यांनी नानांना रस्त्यात गाठलं. म्हणाले, "वाचनालयाची सोय उत्तम आहे. फक्त त्या बाई पेपर देऊन लगेच भाकऱ्या थापायला जातात, तेवढी समज द्या."

* * *

चौथ्या वर्षी पुन्हा शेठ, आणि प्रसूतिगृह. हाही दगड दारापाशीच टेकवला. तेव्हा बाळू माझ्या पोटात होता, दिवस भरत आले होते. दुपारी दारासमोर बैलगाडी थांबली. राहुरीकडचा शेतकरी, गाडीत अवघडलेली बायको. त्यानं बोटानं एकेक अक्षर लावत दगड वाचला, दार वाजवलं. मी पोट सावरत दार उघडलं.

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मागं वळून बायकोला म्हणाला, "जागा न्हाई वाटतं गं. हितं एक बाई आदीच भरती हाय."

मी तिला उतरवून घेतलं, गरम चहा पाजला आणि सरकारी दवाखान्याचा रस्ता दाखवला. तिला तिथं मुलगी झाली. आठवड्यानं तो माणूस पेढे घेऊन आमच्याकडेच आला. त्यातले दोन पेढे शेठपर्यंत पोहोचले. त्या महिन्याच्या सभेत शेठ म्हणाले, "प्रसूतिगृहाचा लाभ जनतेला मिळू लागला आहे."

* * *

बाळू चालायला लागला आणि माझं हसणं कमी झालं. मी त्याच्या पायात घुंगरांचे वाळे घातले. आवाज येतोय तोवर भाकरी थापायची. आवाज थांबला की पीठ भरल्या हातानं दारात.

त्या वर्षी नानांनी व्यायामशाळा ठरवली. पाचवा दगड आला. पाहणीच्या वेळी मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि पहिल्यांदा तोंड उघडलं. "नाना, आडाला कठडा तेवढा बांधा."

नाना म्हणाले, "वहिनी, जागा कशासाठी ते एकदा पक्कं होऊ द्या. मंडई झाली तर आड बुजवायचा, बाग झाली तर ठेवायचा. आज कठडा बांधला आणि उद्या आड बुजवायचा ठरला, तर ऑडिटवाले मला बुजवतील."

नगरपालिकेच्या ओव्हरसियरनं जागेचा नकाशा पसरला होता. त्यानं मान वर केली. "शिवाय नकाशात आड नाहीच, वहिनी."

मी विचारलं, "मग माझं पोर पडलं तर कशात पडेल?"

शांताबाईंनी कप खाली ठेवला. ह्यांनी आत येऊन मला हळूच सांगितलं, "नोकरी आहे आपली तिथं. सांभाळून बोल."

* * *

पंधरा-वीस दिवसांनी वाळे थांबले. मी धावले. बाळू आडाच्या काठावर उकिडवा बसून एकेक खडा आत टाकत होता आणि 'डुबुक' झालं की टाळ्या वाजवत होता. ओरडले तर दचकेल म्हणून तोंडात पदर कोंबला. पलीकडून शांताबाई शेळी शोधत आल्या होत्या. त्यांनी मागून जाऊन त्याला अलगद उचललं. माझ्या कडेवर दिला आणि आमच्या भिंतीकडं वळल्या.

म्हणाल्या, "सभंत कठडा मंजूर व्हायचा न्हाई, पोरी. तुज्या भिताडाला येवढे दगड कशाला टेकलेत?"

ते दगड टेकवून गेलेले गवंडी बशीरभाई मागच्याच गल्लीत राहतात. त्यांना बोलावलं. ते कानाला हात लावून म्हणाले, "भाभी, यावर मोठ्या लोकांची नावं आहेत."

"नावं बाहेरच्या बाजूला करा," मी म्हटलं.

संध्याकाळपर्यंत पाचही दगड आडाभोवती उभे राहिले. सांध्यात विटा, चुना. मी घमेली उचलली, शांताबाईंनी पाणी मारलं. दगड पाचच, त्यामुळे एका बाजूला दारापुरती फट राहिली. तिथं मी आमचा पाट आडवा बांधला. हे नाक्यावरून आले, बघितलं आणि न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी सगळे आले. नाना, शेठ, ओव्हरसियर. त्यात त्याच आठवड्यात वर्ष पालटून शेठ नवे अध्यक्ष झालेले. मी बाळूला काखेत घेऊन दारात उभी. शांताबाई ओट्यावर बसून शेंगा फोडत होत्या.

नाना आडाभोवती फिरले. उद्यान, वाचनालय, व्यायामशाळा. तीनही ठिकाणी आपलं नाव वाचलं, रुमालानं एकावरचा चुना पुसला. शेठ उलट्या बाजूनं फिरले. मंडई, प्रसूतिगृह. मग थांबले, पुन्हा मोजलं आणि नानांकडं पाहिलं.

"नानांचे तीन. माझे दोन?"

शेठ फटीपाशी आले, पाट हलवून पाहिला.

"ही बाजू उघडी का, वहिनी?"

"दगड संपले, शेठ."

शेठनी ओव्हरसियरला हाक मारली. "काय हो, यंदाचं भूमिपूजन याच आठवड्यात बसेल का?"

"बसेल साहेब. पण कशाचं?"

"ते ठरवू मागाहून," शेठ म्हणाले. "आधी फटीचं माप घ्या."