श्रीमंततात्या छतातून बोलले

श्रीमंततात्या नागापूरच्या एका कारखान्यात तेहतीस वर्षं लेथवर होते. निवृत्त झाल्यावर ते काष्टीजवळ आमच्या वस्तीवर राहायला आले आणि त्यांची मतं आम्हाला फुकट मिळू लागली. त्यांच्याकडून फुकट मिळणारी ती एकच गोष्ट. साबणाचा उरलेला तुकडा ते नव्या वडीला चिकटवतात, लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर किराण्याची यादी लिहितात. उसनं म्हणून आपण आयुष्यात विरजणही आणलं नाही, असं ते छातीवर हात ठेवून सांगतात. त्यांच्या पत्नी बनुबाई आमच्या मागच्या दाराने वाटीभर विरजण नेतात, हे त्यांना आम्ही कधी सांगितलं नाही.

तात्यांची गाडी वीस वर्षांची आहे. डाव्या बाजूला बसणाऱ्याला उतरताना काच खाली करून बाहेरून दार उघडावं लागतं. पण ती रोखीने घेतलेली, म्हणून तात्यांना तिचा भारी अभिमान. त्यामुळे पुतण्या ओंकारने सात वर्षांच्या हप्त्यांवर छत उघडणारी मोठी गाडी आणली, तेव्हा तात्यांनी हातात पेढा धरून तिच्याभोवती तीन चकरा मारल्या.

"पत्र्याला भोक पडलं तर आपुन डांबर लावतो. तू पैसं देऊन भोक पाडून आनलंस व्हय?"

"तात्या, सनरूफ हाय ते. ऊन येतं."

"ऊन? आपल्या जिल्ह्यात ऊन कमी पडलं का?" पेढा मात्र त्यांनी खाल्ला.

गेल्या पौषातल्या एका शनिवारी तात्यांच्या गाडीची बॅटरी उतरली. बाजाराला जायचं होतं, तेव्हा नाइलाजाने ते ओंकारशेजारी बसले. मी मागे. बाजाराच्या तोंडाशी आलो आणि अडकलो. आदल्या आठवड्यात उसाच्या ट्रॉलीने गटारीवरची फरशी फोडली होती, आणि आता एका टेम्पोचं चाक नेमकं त्या खड्ड्यात गेलं होतं. पुढे गाड्या, मागे गाड्या. आमच्या मागचा जीपवाला हॉर्नवरचा हात काही काढेना.

"ह्याच्या अंगात आलंय का?" तात्या खवळले. उतरून बोलायला गेले, तर दार शेजारच्या पिकअपला अडलं. मग ते पुतण्याला म्हणाले, "ओंकार, ते भोक उघड."

सीट अजून बँकेची आहे म्हणून त्यांनी चपला काढल्या, आणि सीटवर चढून कमरेपर्यंत बाहेर आले.

"ए जीपवाल्या! हॉर्न वाजवून टेम्पो उडनार हाय का? आन ह्या टोपीवाल्यानं केळाची साल रस्त्यात टाकली, ती उचला आधी! आपन मानसं हाय का कोन?"

पंचायत समितीची निवडणूक तोंडावर आली होती. नवी कोरी गाडी, छतातून निघालेला पांढरा सदरा, वर करून हलणारा हात. लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. टोपीवाल्याने साल उचलून खिशात घातली. फुलवालीने झेंडूचा हार वर फेकला, तो तात्यांच्या एका कानाला अडकला.

"चिन्ह काय म्हनायचं, साहेब?" कोणीतरी विचारलं.

"कसलं चिन्ह? मी कोन न्हाई!"

"लई साधा मानूस," एक म्हातारी म्हणाली.

"चिन्ह मिळालं न्हाई अजून," दुसऱ्याने परस्पर खुलासा केला.

मग तात्यांच्या आवाजात एकदम वजन आलं. "असं बघत काय उभं राहिलाय? टेम्पोला हात लावा!" वीसेक जण धावले, त्यात जीपवालाही होता. टेम्पो निघाला, रस्ता मोकळा झाला. "तात्या, खाली बसा आता," ओंकार तीनदा म्हणाला. तात्यांना ते ऐकू गेलं नाही. संपूर्ण बाजार त्यांनी उभ्यानेच पार केला.

संध्याकाळी खरे उमेदवार आदिनाथभाऊ दोन कार्यकर्त्यांसह तात्यांच्या ओट्यावर हजर.

"तात्यासाहेब, अर्ज मागं घ्या."

"भरलाच न्हाई, तर मागं काय घेऊ?"

आदिनाथभाऊंनी कार्यकर्त्यांकडे पाहिलं. गडी बोलणी करायला अवघड आहे, असं त्यांना वाटलं असावं. "बरं, तुमची अट सांगा."

तात्यांनी सदरा नीट केला. मग म्हणाले, "बाजारातल्या गटारीवर फरशी टाका. चांगली जाड."

"एवढंच?"

"आन बिना हॉर्नचा प्रचार करा."

हॉर्नचं जमलं नाही. आदिनाथभाऊंच्या प्रचाराच्या रिक्षा पुढे महिनाभर आमच्या वस्तीवर कोकलत होत्या. पण पुढच्या शनिवारी गटारीवर दोन नव्या फरशा होत्या. तात्यांनी एकीवर उभं राहून दोन उड्या मारल्या आणि "डावीकडं उतार कमी पडला," असं शेजारच्या वांगेवाल्याला ऐकवलं.

"तुमीच उभं राहा की पुढच्या टायमाला," तो म्हणाला.

तात्या गंभीर झाले. त्यांनी खरोखरच थोडा विचार केला. "राहिलो असतो रं. पन अनामत भरावी लागती," ते म्हणाले, आणि वांगी निवडायला खाली बसले.