चकतीवरचा बाण

आमच्या प्रसूती वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर तोंडाने भलत्याच फटकळ. नवऱ्यांना तर सुतासारखं सरळ करायच्या. "मी परत येऊन सहाच आठवडे झालेत, मग पोट आठ आठवड्यांचं कसं?" असं कुणी कुजबुजत विचारलं, की पर्समधून पुठ्ठ्याची गोल चकती काढायच्या. तिच्या कडेला वर्षभराच्या तारखा आणि मधोमध दोन बाण होते, एक पाळीचा, एक गर्भ राहिल्याचा. "आम्ही शेवटच्या पाळीपासून मोजतो. म्हणजे दोन आठवडे फुकटचे! आता बायकोची माफी मागा, तीही माझ्यासमोर." त्यांची ही ऐट मला फार आवडायची.

त्यांचा नवरा जहाजावर मेकॅनिक. हे किस्से त्या त्याला फोनवर सांगायच्या आणि दोघं पोट धरून हसायची. "काय अक्कल गहाण टाकलेली माणसं असतात!" तो म्हणायचा. मुलगी तीन वर्षांची होईपर्यंत दुसरं नको, हेही दोघांनी मिळून ठरवलेलं. यंदा मुलीला तीन पुरी झाली, तो घरी आला आणि सिस्टरांना दिवस गेले. सोनोग्राफीत आठ आठवडे निघाले. तो येऊन सहा झाले होते. तो बोटांवर हिशोब करेल असं सिस्टरांच्या मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात एका बाईची तारीख काढायला त्यांनी चकती बाहेर काढली आणि तशाच थांबल्या. काम झालं की पाळीचा बाण एक जानेवारीवर आणून ठेवायचा, ही त्यांची शिस्त. आम्ही विसरलो तर ओरडा बसायचा. पर्स रात्रभर घरीच होती, आणि आज गर्भाचा बाण नवरा घरी आला त्या तारखेवर होता.

"अगं, एखाद्या नवख्यानं विचारलं असतं तर समजावलं असतं," त्या मला म्हणाल्या. "याला तर सगळं माहीत होतं." मला त्या माणसाचा इतका संताप आला, की हातातला ट्रे मी आपटलाच.

घरी गेल्यावर त्यांनी चकती त्याच्यापुढे ठेवली. तो गोरामोरा झाला, मग हसला.

"उगाच बघितलं गं. बरोबर जुळलं की! खात्री पटली माझी."

"आणि जुळलं नसतं तर?"



बाळ वेळेवर झालं. बापावर गेलंय, असं सगळे म्हणाले तेव्हा तो फुलून गेला. सिस्टरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

आता त्या पुन्हा कामावर आहेत. नवरे विचारतात, त्या चकती फिरवतात, दोन आठवडे समजावून सांगतात. माफी मागा, असं मात्र म्हणत नाहीत.