अंतोजी परबाची सून

खांबलवाडीत नवी नवरी आली की आठ दिवसांत तिला सगळं सांगून टाकतात. कुठल्या विहिरीचं पाणी मचूळ, कुणाचं कुणाशी वाकडं, पोदेराची सायकल किती वाजता येते आणि त्याच्याकडचे कुठले पाव घ्यायचे नाहीत. सुमंगलालाही सगळं सांगितलं होतं. एक गोष्ट तेवढी कुणी सांगितली नाही, आणि तीच नेमकी सांगायला हवी होती.

पार्सेची काजूची टेकडी उतरली की ही वाडी लागते. घरं पन्नास-साठ, देऊळ एक, आणि भांडणं घरांच्या मानाने जरा जास्तच. माघी पौर्णिमेला इथे देवीची पालखी निघते. फार पूर्वी, पोर्तुगीज आणि सावंतवाडीकर यांच्या धामधुमीत, देवीचा सोन्याचा मुखवटा नाहीसा झाला होता. बरीच वर्षं गेली, आणि एका माघी पौर्णिमेच्या सकाळी तो देवळाच्या पायरीवर सापडला. देवी आपल्या पायांनी घरी आली, असं गाव म्हणतं, आणि त्या आनंदात दरवर्षी तिला घरोघर मिरवतं.

लग्नानंतरची पहिली पालखी आली तेव्हा सुमंगला दोन महिन्यांची नवरी. डिचोलीजवळच्या नार्व्याची मुलगी, पेडण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला, आवाज खणखणीत. तिने हिरवं लुगडं नेसून आरतीचं ताट सजवलं आणि ती हौसेने दारात उभी राहिली. पालखी शेजारच्या दारी थांबली, ओटी भरली, नारळ फुटला. मग परबांच्या दारासमोर येताच ढोल थांबले. खांदेकऱ्यांनी माना फिरवल्या, पावलं उचलली, आणि देवी तिच्या नाकासमोरून झपाझप निघून गेली. गर्दीत कुणीतरी फिस्स करून हसलं. सुमंगलाने मागे पाहिलं, तर सासऱ्यांनी, गोपाळ परबांनी, आतून सगळी जनेलं, खिडकी न्‌ खिडकी, लावून घेतली होती.

"कितें जालां? देवी कित्याक रावली ना?" देवी दारात का थांबली नाही, ते तिला नवऱ्याकडून ऐकायचं होतं.

सगुण परब हा माणूस सरळ, पण वाईट बातमी द्यायची वेळ आली की त्याला नेमकं गोठ्यात काम निघायचं. तो जायला निघाला तशी सुमंगलाने त्याच्या शर्टाची बाही धरली. मग त्याने खाली मान घालून सांगितलं. देवीचा मुखवटा चोरणारा अंतोजी परब. त्याचंच हे घर. तेव्हापासून पालखी या दारात थांबत नाही आणि परबांचा खांदा पालखीला लागत नाही.

दुसरी कुणी असती तर रडली असती. सुमंगलाला राग आला. आणि तिचा राग हा काही दोन घटकांत निवणारा नव्हता.

पण राग आला म्हणून माणूस लगेच काही करतो असं नाही. नोकरी होती, संसार होता. मुलगी झाली, तिचं नाव गौरवी ठेवलं. दर माघी पौर्णिमेला परबांची जनेलं बंद होत राहिली, आणि सुमंगला त्या दिवशी मुद्दाम ड्यूटी मागून घेऊ लागली. मग एका वर्षी आठ वर्षांची गौरवी रडत घरी आली. पालखीपुढे दिवे घेऊन चालणाऱ्या मुलींच्या रांगेतून तिला हात धरून बाहेर काढलं होतं. तिने आईला एवढंच विचारलं, "आई, आमी कितें चोरलां?"

त्या संध्याकाळी सुमंगला सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली. घरात अंतोजीच्या काळातल्या कागदांचा एक रुमाल होता. जाड्याभरड्या कापडात बांधलेलं जुनं गाठोडं. दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहायचे आणि पुन्हा वर ठेवायचे. कुणी तो सोडत नसे.

"म्हाका तो रुमाल जाय," तिने सरळ मागितला.

गोपाळ परब तिच्याकडे बघतच राहिले. भले गृहस्थ. उभ्या जन्मात कुणाशी चढ्या आवाजात बोलले नाहीत, कारण बोललं की समोरचा काय काढील याची त्यांना कायम धास्ती.

"बांदलेलो आसा तसो आसूं दी, बाय," ते म्हणाले. "आतां नुसते लोक म्हणतत. उद्यां कागदान म्हटलां, तर कायमचां जातलां. मागीर कितें करतलंस?"

खरी भीती ही होती. आरोप तोंडी असेपर्यंत तो कदाचित खोटाही असेल, एवढीच काय ती परबांची शिल्लक. कागद उघडले आणि त्यात चोरी निघाली, तर तीही जायची. सुमंगलाला हे कळत नव्हतं असं नाही. पण दाराआड दडून बसण्यापेक्षा चोर ठरलेलं परवडलं, असा तिचा स्वभाव. "मागीर हांव गौरवीक खरें सांगतलें," ती म्हणाली. सासऱ्यांनी उठून रुमाल काढून दिला.

आतले कागद मोडीत. ते दिवस गोव्यात भाषेच्या भांडणाचे. कोकणी की मराठी यावरून मोर्चे निघत होते, रस्ते अडत होते. सगुण आणि त्याचे मित्र मेजाभोवती बसून टेबल फुटेल इतके हात आपटायचे, आणि मराठीची बाजू मांडायची तीही कोकणीतून मांडायचे. सुमंगला त्यांच्यापुढे चहा ठेवून म्हणायची, "तुमचां जालां की सांगा. म्हजे कागद ना कोकणी वाचतत ना मराठी, ते आपले पाय पसरून निजल्यात." डिचोलीला एक निवृत्त मास्तर मोडी जाणत होते. माहेरी जायच्या निमित्ताने ती त्यांच्याकडे जाऊ लागली. मास्तर कडक होते, ही चिवट होती, दोघांचं जमलं.

गाठोड्यातून अंतोजी हळूहळू वर येऊ लागला. फार मोठा माणूस नव्हे. सावंतवाडीकरांच्या पदरचा लहानसा वतनदार. एक घोडा, थोडं भाताचं शेत, आणि देवळाची किल्ली सांभाळायचा मान. घोडा लंगडा असल्याची तक्रार त्याने दोनदा केलेली. बायको लवकर वारलेली, मुलगा एकच. मग धामधूम सुरू झाली, आणि खांबलवाडीतल्या त्याच्या नावाचे कागद एकदम बंद पडले. पळाला तो हा असा.

पण रुमालात आणखी चिठ्ठ्या होत्या, दुसऱ्या वळणाच्या अक्षरातल्या. बांद्याच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी एका वाडीत सावंतांचं घर होतं; त्या घराने अंतोजीला वर्षावर्षाला काय दिलं त्याच्या या नोंदी. त्या वाचताना सुमंगला थबकली. भात अगदी बेताचं, बापलेकांचं जेमतेम पोट भरेल एवढंच. आणि तेल मात्र भरपूर, 'नंदादीपास' असं लिहून. दरवर्षी तेच. सोनं विकून पळालेला माणूस दुसऱ्याच्या दारी अर्धपोटी राहतो, आणि मागतो काय, तर दिव्याला तेल? मुलाच्या हाती दिलेल्या शेवटच्या चिठ्ठीत होतं की अंतोजी देवाघरी गेले, आणि त्यांचे चिरंजीव माघ शुद्ध द्वादशीस येथून निघाले. कुठे निघाले, सोबत काय होतं, ते काही लिहिलेलं नव्हतं.

एवढ्यावर गाव ऐकणार नाही हे तिला ठाऊक होतं. तिने रजा टाकली, सगुणला गोठ्यातून बाहेर काढलं, आणि दोघं होडीने तेरेखोल नदी ओलांडून, दोन बस बदलून घाटाखालच्या त्या वाडीत पोचली.

सावंतांचं घर अजून नांदतं होतं. घरात सत्ता रुक्मिणीबायची; वय ऐंशीच्या घरात, नजर पक्की. अंतोजी परब हे नाव तिने कधी ऐकलंच नव्हतं. सुमंगलाचा चेहरा पडला. म्हातारीने दोघांना जेवल्याशिवाय सोडायचं नाही म्हणून पानं मांडायला सांगितली. देवघरासमोर एक रिकामा पाट होता. त्याच्यापुढे आधी केळीचं पान मांडलं, वाढलं, आणि मग बाकीच्यांना वाढलं.

"हो पाट कोणाचो?" सुमंगलाने विचारलं.

"पावणीचो," रुक्मिणीबाय म्हणाली. "आमच्याकडे एक देवी पावणी म्हणान इल्ली हुती. खयची, कोणाची, ता आता कोणाक म्हायत नाय. सासयेन सांगल्यान, तिका वाढल्याबिगर आपण जेवचा नाय, तसा आमी करतंव."

"आनी ती गेली केन्ना?"

"माघातल्या बारशीक. त्या दिवशी आमी तिची ओटी भरतंव आणि व्हाळापर्यंत पोचवन येतंव."

माघातली बारस म्हणजे माघ शुद्ध द्वादशी. सुमंगलाच्या हातातला घास तसाच राहिला. द्वादशीला हे घर देवीला वाटेला लावतं, आणि पौर्णिमेला खांबलवाडीत देवी घरी येते. मधला सगळा पायवाटेचा आणि नदीचा रस्ता. एकाच प्रवासाची दोन टोकं दोन गावं पिढ्यान्‌पिढ्या साजरी करत होती, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता! अंतोजीने देवीला लुटीतून वाचवून इथे आणलं, मरेपर्यंत तिच्यापुढे दिवा जळत ठेवला. बापामागे पोराने तिला परत नेलं. पण गावाने बापाला चोर ठरवलेलं कळल्यावर खरं सांगायचा धीर त्याला झाला नसेल. मुखवटा पायरीवर ठेवून तो गप्प राहिला असेल. आणि गाव ज्या आनंदात वर्षानुवर्षं परबांचं दार टाळून नाचलं, तो आनंद परबांनीच खांद्यावरून आणलेला.

सुमंगला तेव्हा रडली. सगुणही रडला. रुक्मिणीबायला वाटलं, आमटी तिखट झाली.

त्यानंतर गोवा घटकराज्य झालं, त्याचे फटाके वाजले, आणि पुढच्या माघाआधी देवळात मानकऱ्यांची सभा बसली. सुमंगला कागद घेऊन उभी राहिली. यशवंत गावस हे मुख्य मानकरी; पालखीचा पुढचा खांदा त्यांच्या घराण्याचा. बाई सभेत बोलणार हे पाहून ते म्हणाले, "हंय बायलांनी उलोवंचें न्हय."

"मागीर आयकात," सुमंगला म्हणाली. "आयकपाक कोणाची आडकाठी ना मगे?" एक्स्चेंजमध्ये कमावलेला आवाज, देवळाच्या मागच्या तळीपर्यंत पोचला. तिने चिठ्ठ्या वाचल्या, पाटाचं सांगितलं, दोन तिथ्या सांगितल्या. सगुण तिच्या शेजारी उभा राहिला आणि या खेपेला कुठेही गेला नाही.

गावस वाईट मनाचे नव्हते, पण इतक्या जणांसमोर आजोबा-पणजोबांची चूक कबूल करायची म्हणजे जड जातंच. त्यांनी पळवाट काढली. देवीला कौल लावूया म्हणाले. कौल म्हणजे देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"अंतोजीक चोर म्हटलो, तेन्ना लायिल्लो कौल?" सुमंगलाने विचारलं.

सगळ्यांनी आठवून पाहिलं. असा कौल लावल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

"शिक्षा दिवपाक देवीक विचारलां ना. मागीर ती काडपाक कित्याक विचारतात? ती तिका विचारून घातिल्ली न्हय, तुमीच घातिल्ली. तुमीच काडा."

गावसांनी कपाळावरचा घाम पुसला. मग ते उठले आणि गोपाळ परब कोपऱ्यात बसले होते तिथवर चालत गेले. "गोपाळा," ते म्हणाले, "ह्या वर्सा म्हज्या फुड्यांत तुजो खांदो." आणि पुढे, जरा थांबून, "आमकां माफ कर."

माघी पौर्णिमेला पालखी निघाली ती पुढच्या दांड्याला गोपाळ परबांचा खांदा घेऊन. वय झालेलं, पण ते कुणाला हात लावू देईनात. दिवे घेऊन चालणाऱ्या मुलींत गौरवी सगळ्यांत पुढे. परबांच्या दारी ढोल आले आणि थांबले नाहीत. उलट वाजवणाऱ्यांनी हात दामटले. घराची सगळी जनेलं सताड उघडी होती. सुमंगला ताट घेऊन उभी होती आणि तिच्या शेजारी, सगुणने जीपने आणलेली रुक्मिणीबाय.

पालखी थांबली.

सुमंगलाने ओवाळलं. डोळ्यांना धारा लागल्या होत्या, तिने त्या पुसल्यासुद्धा नाहीत. मग तिने म्हातारीला पुढे केलं. रुक्मिणीबायने जन्मभर रिकाम्या पाटापुढे पान वाढलं होतं. त्या पाटावरची देवी आज तिने पहिल्यांदा पाहिली. ओटी भरताना ती मुखवट्याच्या अगदी जवळ वाकली आणि माहेराहून सासरी पोचलेल्या लेकीला विचारावं तसं तिने हळूच विचारलं, "बरी पावलंस मा गे, माये? वाटेर तरास नाय मा झालो?"

ढोलवाल्यांचे हात आपोआप थांबले. गर्दीतल्या बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या, आणि पुरुष उगीचच आभाळाकडे बघू लागले. मग एकेक जण पुढे येऊन परबांच्या दारातून देवीला नमस्कार करू लागला, नारळ फुटू लागले, आणि परबांच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. पालखी तिथून हलायचं चिन्ह दिसेना.

शेवटी गावस काकुळतीला आले. "सुमंगला बाय, अजून पंचवीस घरां उरल्यात. लोक रावल्यात गे."

"रावूं देत," सुमंगला म्हणाली. "आमी रावल्यांव तितके कांय ते रावंचे नात."

गावस हसले. त्यांनी ढोलवाल्यांना खूण केली, वाजप पुन्हा सुरू झालं, आणि पालखी परबांच्या दारात तशीच उभी राहिली.