अंग धरलं

वॉर्डातल्या सिस्टरला पेशंट मागून ‘वजनकाटा’ म्हणत. सकाळी डोळे चोळायचीही उसंत न देता ती माणसाला काट्यावर उभं करी. लघवीची गोळी चालू असलेल्यांच्या तर हात धुऊन मागे लागे. पाणी किती प्यायलात, किती वेळा गेलात, पायांत गोळे येतात का, उठताना गरगरतं का? बायको नवऱ्याला विचारणार नाही ते ही बाई भरल्या वॉर्डात विचारी, तेही खणखणीत आवाजात.

त्या सकाळी जिन्यात तिला शिंप्याची बायको भेटली. शिंपी मागच्याच महिन्यात हृदयाच्या दुखण्यातून तिच्याच वॉर्डात बरा होऊन घरी गेला होता. आज बायको आपले डोळे दाखवायला आली होती आणि चेहरा नुसता फुलला होता.

“सिस्टर, ह्यांनी अंग धरलं बरं का! पँट कमरेला होईना, मीच उसवून सैल केली.”

“छान, छान,” म्हणत सिस्टर घाईघाईने वर गेली.

पण ते ‘छान’ काही तिला पचेना. एका आजोबांची लघवी मोजताना ती आकडाच विसरली. आजोबा म्हणाले, “आज काटा बिघडलाय वाटतं!” एरवी तिने त्यांना सोडलं नसतं. अंग धरलं म्हणे! चिमणीएवढं खाणारा माणूस एवढ्यात अंग धरतो कशाने? तिने शिंप्याकडे फोन लावला. कुणी उचलेना. पुन्हा लावला. स्वतःचाच तिला भयंकर राग आला. शेवटी डॉक्टरांच्या कानावर घालून, वॉर्ड सोबतिणीवर सोपवून ती तडक निघाली.

दुकानामागच्या खोलीत शिंपी पाठीशी उशा रचून बसला होता. एक वाक्य बोलायला त्याला तीनदा श्वास घ्यावा लागत होता. सिस्टरने त्याच्या नडगीवर बोट दाबलं. खळगा पडला, तो भरेचना.

“गोळी घेताय ना?”

शिंपी ओशाळला. “गिऱ्हाईक मापाला उभं… आणि मी सारखा आत पळतोय. लोक हसायचे हो. बंद केली. हिला नाही सांगितलं.”

बायको तेवढ्यात घरी पोचली होती. ती दारातच थिजली.

“हे अंग नाही, पाणी आहे,” सिस्टर म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो खाली आला होता. “छातीत चढलंय. आत्ता निघायचं.”

पुढचे काही दिवस शिरेतून औषध गेलं, लघवीची भांडी भरली आणि शिंपी पुन्हा काडी झाला. बायको खाटेशी बसून तीच पँट कमरेत आत घेत होती.

“सगळ्या गल्लीला सांगत सुटले होते मी,” ती म्हणाली.

“मलाही सांगितलंत,” सिस्टर म्हणाली, “आणि मी छान म्हणाले.”

दुसऱ्या सकाळी बायकोनेच नवऱ्याला हात धरून काट्यावर चढवलं. आकडा तिला दिसत नव्हता.

“किती?”

“कालच्यापेक्षा कमी,” सिस्टर म्हणाली.

“छान,” बायको म्हणाली आणि तिला रडू फुटलं.