मी रिकामी लिहिलेली घरं : नाशिक ते तिवसपाडा

या मे महिन्यात आम्ही महाबळेश्वरला जाणार होतो. नवऱ्याने हॉटेलला फोनसुद्धा करून ठेवला होता. त्याऐवजी मी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर जाऊन आले. त्याला सहा महिने झाले, तरी माझं डोकं शांत झालेलं नाही. डोंगर, झाडं, वारा वाचायला आला असाल तर ते थोडंफार मिळेल. बाकी बराचसा संताप आहे, आणि त्यातला निम्मा माझा माझ्यावरच आहे.

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीला लागून इमारतीचं काम चालू आहे. तिथे विटा वाहणाऱ्या बायका आमच्या आवारातल्या नळावर पाणी भरतात. एप्रिलमधल्या एका सकाळी त्यांच्यातली एक, असेल माझ्याच वयाची, हंडा नळाखाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"तुम्ही शाळेच्या बाई ना? आमच्या वरच्या गावाला होत्या?"

होते. नाशिकला बदली होण्याआधी सहा वर्षं मी तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. तिचं नाव सोमीबाई. गाव शाळेपासून तासभर खाली उतरून, तिवसपाडा. मला फार बरं वाटलं. मी हौसेने विचारलं, "आता पाड्यावर नळ आला असेल की!"

"कुठून येतो? आमच्या पाड्यावर मानसंच नाय, असं लिहेल हाय म्हणे मोजणीत. घरं हायेत पन रिकामी." हंडा उचलता उचलता ती हसली. "मग मी कुठून आले, तुम्हीच सांगा."

मला हसता आलं नाही. ती मोजणी मी केली होती.

दोन हजार एकच्या फेब्रुवारीत आम्हा शिक्षकांना जनगणनेचं काम होतं आणि तिवसपाडा माझ्या वाट्याला आला होता. फेब्रुवारी म्हणजे द्राक्षांचा हंगाम. पाड्यावरची धडधाकट माणसं लेकराबाळांसकट पिंपळगाव, ओझर, सायखेड्याकडच्या बागांवर गेलेली. मागे उरलेली म्हातारी माणसं मी लिहून घेतली. बाकीच्या घरांना कुलूप नव्हतं, कारण कुलूप लावण्यासारखं आत काही नव्हतं. कुडाची दारं तारेने नाहीतर सुतळीने बांधलेली, पुढे काटेरी फांदी टाकलेली. कुलूपबंद, म्हणजे माणसं राहतात पण बाहेर गेलीत, असं लिहू की काय लिहू, हे मी आमच्या पर्यवेक्षकांना विचारलं. ते माझे वरिष्ठ, एका मोठ्या शाळेचे मुख्याध्यापक.

"कुलूप दिसलं का?"

"नाही."

"मग बंद कसं लिहिणार? रिकामं लिहा. आणि लवकर द्या, माझे बाकीचे कागद तुमच्यासाठी अडलेत."

मी रिकामं लिहिलं. ज्यांची घरं रिकामी लिहिली त्यांना बागांवर कोणी मोजतंय का, हे विचारण्याचं काम माझं नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. पुन्हा एक फेरी करायची होती. त्या दिवशी मुलगी तापाने फणफणलेली होती. मी वरच्या टेकडावर उभी राहिले, खाली बघितलं, चुलींचा धूर दिसला नाही, आणि तशीच मागे फिरले. फेरी केली असं कागदावर लिहिलं. खाली सही आहे माझी.

सोमीबाईला हे मी नळावर सांगू शकले नाही. त्याच दिवशी सलमाला फोन केला. सलमा शेख तेव्हा माझ्याच शाळेत होती, आता नाशिकरोडला असते, आणि तिच्याकडे जुनी मारुती आठशे आहे.

ती म्हणाली, "जाऊन बघून येऊ. पण नुसतं रडायला जायचं असेल तर मी पेट्रोल जाळणार नाही."

मेच्या पहिल्या शनिवारी सकाळी सहाला निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगते : पेठचा रस्ता पंचवटीतून म्हसरूळच्या बाजूने बाहेर पडतो. शहर सुटलं की डाव्या-उजव्या हाताला द्राक्षबागा, मग रामशेजचा किल्ला. तिथपर्यंत रस्ता गुळगुळीत. सावळघाटात मात्र खड्डे आहेत आणि गुजरातकडून येणारे ट्रक वळणावर हॉर्न देत नाहीत, तेव्हा गाडी दमाने चालवा. गाडी नसेल तर नाशिकहून पेठची एसटी आहे, पण पाड्यांकडे जाणाऱ्या गाड्या सकाळी एक आणि संध्याकाळी एक. संध्याकाळची चुकली तर मुक्कामच. घाटात बायका पळसाच्या पानांच्या द्रोणातून करवंदं विकतात. घ्या, भाव करू नका. करंजाळीला गरम भजी आणि चहा घेतला. शाळेत असताना पगाराच्या दिवशी आम्ही इथेच यायचो. चव तीच आहे. मी माझी भजी सलमापुढे सरकवली.

वरच्या गावात शाळेशेजारी गाडी लावली आणि उतरायला लागलो. साग निष्पर्ण झालेला, पायाखाली वाळलेल्या पानांचा चुरा, वाट निसरडी. अर्ध्या उतारावर सलमा थांबली. वाटेच्या कडेने एक लोखंडी पाइप चालला होता. चांगला जाडजूड, नवा. आम्ही त्याच्यासोबतच चालत राहिलो. पाइप तिवसपाड्याच्या पहिल्या घराच्या मागून, अगदी परसातून गेला, शेवटच्या घराशी वळला आणि टेकडी चढून पुढच्या पाड्याकडे निघून गेला. मध्ये कुठेही तोटी नव्हती. एके ठिकाणी पाइपला वेल्डिंगचं मोठं ठिगळ होतं.

पाडा भरलेला होता. मे महिन्यात बहुतेक सगळे परत आलेले असतात. कौलं शाकारणं चालू होतं, अंगणात लाकडं रचली जात होती, कोंबड्या, पोरं, कुत्री. मी रिकाम्या लिहिलेल्या घरांतून माणसं बाहेर येऊन आमच्याकडे बघत होती.

सोमीबाई कामावर होती, नाशिकला. तिचा नवरा काशीनाथ भेटला. त्याने खाट टाकली, तांब्या दिला. पाणी गढूळ होतं. ते खाली दरीतल्या झिऱ्याचं; झिरा म्हणजे खडकातून पाझरणारं पाणी, वाटीने भरून हंड्यात ओतायचं. एका हंड्याला अर्धा तास लागतो, आणि मग चढ.

"आणि हा पाइप?" सलमाने विचारलं.

"तो आमचा नाय," काशीनाथ म्हणाला. "खोदाई आम्हीच केली. मजुरीनं. तवा वाटलं, आपल्यालाबी येईल. नंतर साहेब बोलला, यादीत तुमची मानसं भरत नाय."

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात झिरा पार आटला. शेजारच्या घरातली बाळंतीण पाण्याविना तळमळत होती आणि पाठीमागच्या पाइपातून पाणी जाताना ऐकू येत होतं. काशीनाथने कुऱ्हाड घेतली आणि पाइप फोडला. सगळ्या पाड्याने दिवसभर पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी पोलीस आले. त्याला दोन दिवस बसवून ठेवलं. ठिगळ त्या वेळचं.

"मारलं?" मी विचारलं.

त्याने तांब्या उचलून बाजूला ठेवला. डाव्या हाताची बोटं त्याला पूर्ण मिटता येत नाहीत, हे मला तेव्हा दिसलं.

मग मी सांगितलं. खाटेवर बसून सांगता येईना, म्हणून उभी राहिले. मोजणी मी केली, रिकामं मी लिहिलं, दुसऱ्यांदा मी खाली उतरलेच नाही. बायका ऐकत होत्या. कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. देवरामबाबा नावाचा एक म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. डोळ्यांत फूल पडलेलं, आवाज मात्र खणखणीत.

"त्या साली तू माझ्या घरात चा पिलीस," तो म्हणाला. "मी तुला एकेका घराचं नाव सांगितलं. कोन कुठल्या बागंवर गेलं तेबी सांगितलं. आयकून घेतलंस. मग लिहिलं का नाय?"

मोजणीच्या कागदात तसा रकाना नव्हता, हे खरं होतं, पण त्याच्यासमोर ते तोंडातून निघेना.

सलमाने पर्समधून वही काढली. "आता लिहू," ती म्हणाली. "एकेक घर."

"परत लिहून काय होनार?" एक बाई वैतागून म्हणाली. काशीनाथच तिला म्हणाला, "लिहू दे. येवढं चालून आल्यात." 

दुपारभर घरोघर फिरलो. भिंत कशाची, छप्पर कशाचं, माणसं किती, चूल किती, पाणी कुठलं. एका कुडाच्या घरात दोन भाऊ वेगळे राहतात, मध्ये साडीचा पडदा, दोन चुली. म्हणजे घर एक, कुटुंबं दोन. प्रशिक्षणात हे मला पाठ होतं. एका घरात बाळ झोळीत झोपलं होतं, त्याची आई म्हणाली, "हिचंबी लिवा, नाव नाय ठेवलं अजून." लिहिलं. त्या खेपेला एका दुपारी उरकलेलं काम या वेळी अंधार पडेपर्यंत पुरलं, आणि त्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त माणसं वहीत होती. नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि खुरसणीची चटणी जेवून आम्ही काशीनाथच्या ओसरीवर झोपलो. पैसे कोणी घेतले नाहीत. मी फारच आग्रह केला तेव्हा सलमाने मला डोळ्यांनी गप्प केलं.

रविवारी परतलो. सोमवारी दोघी त्या पाण्याच्या योजनेच्या कचेरीत गेलो. कुठली ते लिहीत नाही. टेबलामागच्या गृहस्थांनी वही चाळली, प्रत्येक घरापुढे आम्ही घेतलेले अंगठे बघितले आणि वही आमच्याकडे सरकवली.

"हे चालत नाही, मॅडम. आम्ही जनगणनेचे आकडे धरतो. दोन हजार अकराला पुढची होईल, तेव्हा बघू."

"तोपर्यंत त्यांनी काय प्यायचं?"

"ते मी कसं सांगू?"

माझा आवाज चढला. "अहो, ते आकडेही मीच लिहिलेत! हे बघा, अक्षर माझंच. तेव्हा मी टेकडावरून बघून लिहिलं, ते तुम्ही सात वर्षं खरं मानता. आता एकेका माणसाला बघून लिहिलंय, ते खोटं?"

ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "तेव्हा तुम्ही सरकार होता, मॅडम. आज तुम्ही कोण आहात?"

सलमाने माझा हात धरला, नाहीतर मी काय केलं असतं मला माहीत नाही. तिथेच बाकावर बसून मी एक कागद लिहिला : अमुक पाड्यावर जनगणनेच्या वेळी हंगामासाठी बाहेरगावी गेलेल्यांची घरं मी माहीत असूनही रिकामी दाखवली, दुसरी फेरी न करता केली असं लिहिलं. नाव, हुद्दा, सही. त्या गृहस्थांनी तो वाचला आणि ते पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसले.

"बाई, नोकरी आहे ना अजून तुमची? हा कागद मी बघितलाच नाही असं समजतो. घेऊन जा."

"शिक्का मारा आणि पोच द्या," मी म्हटलं.

घरी नवऱ्याने कागदाची पोच दोनदा वाचली. मग म्हणाला, "त्या पर्यवेक्षकाला पेन्शन चालू आहे. ज्यांनी पाइप वळवला त्यांना बढत्या मिळाल्या. आणि कबुली देणार तू एकटी?" त्याचं म्हणणं चूक नव्हतं. जूनमध्ये मला कारणे दाखवा नोटीस आली आणि श्रावणात एक वेतनवाढ रोखली. मी त्या पर्यवेक्षकांचं नाव लेखी दिलं, त्यांनी असं काही सांगितल्याचं नाकारलं. इतक्या सगळ्यांत कागदावर दोषी मी एकटीच. मी दोषी आहेच. पण एकटी नाही. माझ्या कागदाला उत्तर आलं, पाइप वळवणाऱ्याला कोणी प्रश्नसुद्धा विचारला नाही, आणि काशीनाथच्या बोटांबद्दल तर एकाही कागदावर अक्षर नाही.

मात्र माझ्या कबुलीमुळे फाईल हलली. भर पावसात कचेरीतली दोन माणसं पाड्यावर येऊन घरं बघून गेली. या दिवाळीनंतर सोमीबाई पुन्हा कामावर आली, तिने बातमी दिली : दोन तोट्या बसवल्या. एक दिवसाआड पाणी येतं. मी इतकी आनंदले की तिचे दोन्ही हात धरले.

"पन बाई, एक झालं," ती म्हणाली.

जुने आकडे चुकले असं लिहायला कोणी तयार नव्हतं. म्हणून तिवसपाडा 'नव्याने वसलेली वस्ती' असा दाखवला, नव्या वस्तीला नळ देता येतो. प्रत्येक घराकडून कागद घेतला की आम्ही दोन हजार एकनंतर इथे राहायला आलो. सगळ्यांनी अंगठे दिले, काशीनाथनेही दिला. पाणी हवं होतं.

देवरामबाबाने दिला नाही. त्याचा आजा त्या पाड्यावर पुरलेला आहे. साहेबाने समजावलं, सुनेने पाया पडून विनवलं. शेवटी तिनेच घराच्या नावाने अंगठा दिला आणि तोटीचं पाणी घरात आलं. म्हातारा त्या पाण्याला शिवत नाही. डोळ्यांना धड दिसत नाही, तरी रोज सकाळी काठी टेकत दरीत उतरतो आणि झिऱ्यावरून आपला तांब्या आपण भरून आणतो.