खिडकीकडचा उतार

मुलाखत घेणारे हमखास विचारतात, "तुमचे गुरू कोण?" मी विषय बदलते. माझ्या हातात पहिल्यांदा क्यू, म्हणजे पूलची काठी, दिली त्या माणसाचा मला राग येतो. नुसता राग नाही, तो माणूस मला डोळ्यांसमोर नको असतो. पण पूल खेळून पोट भरणारी बाई गुरूबद्दल असं बोलली की लोकांना ती कृतघ्न वाटते. वाटू दे.

संभाजीनगरात आमच्या कॉलेजसमोरच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर त्याचा पूल हॉल होता. आहे अजून. मालक कन्नड तालुक्यातला, घरचा ऊस, बोलण्यात रग. सगळे त्याला सर म्हणायचे, मीही म्हणायचे. कॉलेजातली एक पोरगी पूल खेळते म्हटल्यावर बघ्यांची गर्दी व्हायची, म्हणून त्याने मला फुकट खेळू दिलं. पिशोरला, आमच्या गावी, घरी जाऊन मात्र तो हे उपकार म्हणून सांगून आला. वडिलांनी त्याला चहा पाजला आणि सरांच्या शब्दाबाहेर जायचं नाही, असं मला बजावलं.

हॉलमधलं खिडकीजवळचं टेबल कललेलं होतं. अगदी थोडं, डोळ्यांना कळायचं नाही. जोरात मारलेला बॉल सरळ जायचा, पण हळू सोडलेला शेवटी शेवटी खिडकीकडे ओढला जायचा. आम्हा रोजच्यांच्या ते अंगवळणी पडलं होतं. नेम जरा अलीकडे धरायचा, पुढचं काम टेबलच करायचं. पुण्या-नाशिकचे खेळाडू तोऱ्यात यायचे. सर त्यांना मुद्दाम त्याच टेबलावर खेळवायचे, आणि ते तोंड पाडून जिना उतरायचे.

एकदा मी म्हटलं, "सर, टेबलाची पातळी करून घ्या ना."

"कशाला? सरळ केलं तर भायेरचा कोणीबी यीन आन् मारून जाईन," ते म्हणाले. "इथं आपून जितायलोय ना? मंग झालं."

पुढे पुण्याला राज्याच्या संघाची निवड होती. वडिलांशी बोली झाली होती: संघात आले तर खेळायचं, नाहीतर पिशोरला परत यायचं आणि आलेल्या स्थळाला होकार द्यायचा. शेवटच्या सामन्यात माझा फक्त काळा बॉल उरला होता; तो आत गेला की जिंकले. कोपऱ्यातलं पॉकेट, हळू मारायचा, सोपा. मी क्यू टेकवला आणि सवयीने नेम जरा अलीकडे धरला. बॉल जसा सोडला तसा सरळ गेला, पॉकेटच्या ओठाला लागला आणि तिथेच थांबला. समोरच्या मुलीने तो सहज आत टाकला. तिथलं टेबल सपाट होतं, एवढंच.

सरांनी त्याच दुपारी पिशोरला फोन लावला. "पोरीच्या हातात दम नाय," म्हणून वडिलांना सांगितलं. टेबलाबद्दल चकार शब्द नाही. मी त्या स्थळाला होकार दिला नाही, पुण्यातच राहिले, दुसऱ्यांच्या हॉलमध्ये राबले, आणि पुढे स्पर्धा जिंकत गेले. वडील अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. त्यांचा विश्वास त्या फोनवर आहे.

यंदा सरांनी हॉलला रंग दिला आणि कार्यक्रमाला मला बोलावलं. खाली मोठा फ्लेक्स होता, त्यावर माझा फोटो आणि 'आमची शिष्या'. मी गेले, कारण मला जायचंच होतं. पिशवीत पातळी बघायची गवंड्याची पाणसळ आणि पाना घेऊन गेले.

वर गर्दी होती. मी हार घेतला नाही. खिडकीजवळच्या टेबलावर पाणसळ ठेवली. आतला बुडबुडा बाजूला पळाला आणि तो बघायला लोक पुढे सरकले. मी टेबलाखाली वाकून पायांचे बोल्ट पिळू लागले. लोक मोबाइलवर चित्रण करत होते, त्यामुळे सरांना मला अडवता येईना. घाम निघाला, पण बुडबुडा मधोमध येईपर्यंत मी सोडलं नाही. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग मी काळा बॉल ठेवला. पुण्याला चुकला तोच फटका, त्याच कोपऱ्यात, हळू. हेच टेबल, हीच खिडकी, पंख्याचा तोच आवाज. हाताने मला विचारलं नाही. नेम अलीकडे गेला, आणि बॉल पॉकेटच्या ओठाला लागून थांबला.

सर जवळ आले आणि हळूच म्हणाले, "टेबल केलं बग सरळ. हात आजून माहाच हाय."

मी पाना उचलला आणि जिना उतरले.

आता रोज सकाळी सराव सुरू करताना पहिला फटका तोच मारते. बहुतेक वेळा बॉल आत जातो. जात नाही त्या दिवशी रिकाम्या हॉलमध्ये मी त्या माणसाला मोठ्याने, नाव घेऊन, तोंडाला येईल ती शिवी देते. मग बॉल परत जागेवर ठेवते.